आपल्या वॉर्डात साथ वाढतेय की ओसरतेय? आकडे वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविडच्या काळात संध्याकाळ झाली की घराघरात एकच चौकशी असायची, ‘आज किती?’ आकडा कळायचा, पण त्यावरून आपल्या गल्लीत किंवा तालुक्यात नेमकं काय चाललंय हे फार थोड्यांना सांगता यायचं. खालची उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातल्या २०२० ते २०२२ या काळातली आहेत, कारण इतक्या बारीक पातळीवरचे आकडे रोजच्या रोज लोकांसमोर यायला लागले ते तेव्हाच. डेंगी असो, स्वाइन फ्लू असो की उद्याची एखादी नवी साथ, आकडे वाचायची रीत बरीचशी हीच राहील.

‘आज ५०० नवे रुग्ण’ म्हणजे आज ५०० जणांना लागण झाली का?

नाही. आज ५०० अहवाल नोंदले गेले, एवढाच त्याचा अर्थ. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस जातात (मूळ विषाणूत साधारण पाच, ओमिक्रॉनमध्ये तीनच्या आसपास). मग माणूस ‘साधा सर्दी-ताप असेल’ म्हणत एक-दोन दिवस घरी काढतो, मग स्वॅब, मग प्रयोगशाळेतली रांग, मग पोर्टलवरची नोंद. म्हणजे आजचा आकडा आठवडा-दहा दिवसांपूर्वीची गोष्ट सांगत असतो.

म्हणून निर्बंध लागले की दुसऱ्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ असं म्हणणारे आणि तिसऱ्या दिवशी ‘आकडे उतरले, निर्बंध लागू पडले’ असं म्हणणारे, दोघेही घाई करत असतात.

मग रोजचा आकडा बघायचाच नाही का?

बघा, पण त्यावरून मत बनवू नका. रविवारी चाचण्या कमी होतात, त्यामुळे सोमवारी किंवा मंगळवारी आकडा खाली येतो. ‘दिलासादायक! रुग्णसंख्येत मोठी घट’ अशा बातम्या आठवतात? त्यांतल्या कितीतरी सोमवारच्या असायच्या. दिवाळीत, गणपतीत, सलग सुट्ट्यांत तेच. बुधवारी-गुरुवारी साचलेले अहवाल एकदम आले की पुन्हा ‘रुग्णसंख्येचा भडका’.

यावर सोपा उपाय म्हणजे सात दिवसांची सरासरी. आजचे आणि मागच्या सहा दिवसांचे आकडे मिळवून सातने भागायचं. त्यात प्रत्येक वार एकदाच येतो, त्यामुळे रविवारचा खड्डा आपोआप भरून निघतो. आकडेमोड नको असेल तर या सोमवारची तुलना मागच्या सोमवारशी करा, कालच्या रविवारशी नाही.

राज्याचा आकडा बघू, जिल्ह्याचा की वॉर्डाचा?

जितका जवळचा मिळेल तितका. राज्याच्या बेरजेत तुमचा तालुका बुडून जातो.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण फेब्रुवारी २०२१ चं आहे. पहिली लाट ओसरली होती, लग्नं धूमधडाक्यात लागत होती, मुंबईची लोकल १ फेब्रुवारीपासून ठरावीक वेळांत सगळ्यांसाठी उघडली होती. राज्याची बेरीज पाहणाऱ्याला निवांत वाटावं असेच ते दिवस होते. पण राज्याच्या रोजच्या पत्रकात मंडळनिहाय (काही जिल्हे मिळून एक आरोग्य मंडळ) तक्ता असायचा, आणि त्यातल्या अकोला मंडळाच्या ओळी वेगळंच काही सांगत होत्या. अमरावती, अकोला, यवतमाळ. एकेकाळी रोज काही डझन रुग्ण असलेली अमरावती शेकड्यांत गेली होती. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवड्याची टाळेबंदी लागली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्णांची नोंद झाली. ज्यांनी राज्याच्या बेरजेऐवजी विदर्भाच्या ओळी वाचल्या, त्यांना काही आठवडे आधी चाहूल लागली होती.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘पुण्यात इतके’ असं कुणी म्हणालं तर कुठलं पुणं ते विचारा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे ग्रामीण, शिवाय पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळं. जिल्ह्याच्या आकड्यात हे सगळं येतं, आणि राज्याच्या पत्रकातल्या ‘पुणे मंडळा’त तर सातारा आणि सोलापूरही. मुंबईच्या बाबतीतही कुणी फक्त महापालिकेचा आकडा सांगायचं, तर कुणी ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली धरून. दोन वाहिन्यांवर दोन आकडे दिसले की लोकांना लपवाछपवी वाटायची. बहुतेक वेळा फरक फक्त हद्दीचा असायचा.

आमच्या वॉर्डात आठवड्याला ६० रुग्ण, दुसऱ्या वॉर्डात १८०. मग आम्ही सुरक्षित ना?

लोकसंख्या बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मुंबईत डोंगरी-मशीद बंदरचा बी वॉर्ड २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे सव्वा लाखाचा, तर मालाडचा पी उत्तर वॉर्ड नऊ लाखांच्या वर. समजा, बी मध्ये ६० आणि पी उत्तरमध्ये १८० रुग्ण सापडले. दर लाखामागे हिशेब केला तर बी मध्ये ४८ येतात आणि पी उत्तरमध्ये जेमतेम २०. जो वॉर्ड बेरजेत तळाला, तोच दरात दुपटीहून पुढे.

आणि हा भागाकार करताना भाजक कुठला? अजूनही २०११ चाच, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. वाघोली, दिवा, विरार अशा ठिकाणी त्यानंतर किती वस्ती वाढली हे डोळ्यांनी दिसतं, पण कागदावर नाही. तिथला ‘दर लाखामागे’ आकडा आहे त्यापेक्षा फुगलेला दिसणार.

पॉझिटिव्हिटी रेट म्हणजे नेमकं काय? तो एवढा महत्त्वाचा का?

शंभर चाचण्या केल्या तर त्यांतल्या किती बाधित निघाल्या, तो हा दर. नुसती रुग्णसंख्या आपण किती शोधलं यावर हलते, म्हणून तिच्याजवळ हा दर ठेवून बघायचा असतो.

काल्पनिक आकडे घेऊ. एका तालुक्यात मागच्या आठवड्यात ४०० चाचण्या, ४० बाधित. या आठवड्यात १,२०० चाचण्या, ७२ बाधित. रुग्ण ४० वरून ७२ वर गेले म्हणून गावात घबराट. पण दर १० टक्क्यांवरून ६ वर आला आहे. शोध वाढवला, पूर्वी निसटणारे लोक आता सापडताहेत. आता उलटं बघा. दुसऱ्या तालुक्यात १,००० चाचण्यांत १०० बाधित होते, पुढच्या आठवड्यात ४०० चाचण्यांत ८०. रुग्ण कमी झाले म्हणून सगळे खूष, पण दर १० वरून २० टक्क्यांवर गेला. काळजी करायची ती या दुसऱ्या तालुक्याची.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सांगितलेला अंदाजी निकष असा होता की निर्बंध सैल करण्याआधी हा दर किमान दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावा. मे २०२१ च्या सुरुवातीला गोव्यात तो ५० टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे तपासलेल्या दर दोघांत जवळपास एक बाधित. दर एवढा चढतो तेव्हा त्यातून एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे चाचण्या साथीच्या मागे पडल्या आहेत आणि खरे रुग्ण नोंदलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

महाराष्ट्राने ७ जून २०२१ पासून पाच स्तरांची योजना आणली, तीही या दरावर आणि ऑक्सिजन खाटांवर बेतलेली होती. दर ५ टक्क्यांखाली आणि पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन खाटा भरलेल्या, तर पहिला स्तर, जवळजवळ सगळं खुलं. दर २० टक्क्यांच्या वर किंवा पाऊणहून अधिक खाटा भरलेल्या, तर पाचवा. तुमचं सलून उघडणार की नाही हे एका भागाकारावर ठरायला लागलं. मग भागाकाराकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि त्याच्याशी खेळताही येतं हे कळायला वेळ लागला नाही.

खेळता येतं म्हणजे कसं?

आरटी-पीसीआर आणि रॅपिड अँटिजेन या दोन चाचण्या एकाच टोपलीत घातल्या की. अँटिजेन झटपट होते, पण बरेच बाधित तिच्या नजरेतून सुटतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) सूचनाच होती की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर पुन्हा आरटी-पीसीआर करा.

समजा, एका शहरात रोज १०० आरटी-पीसीआर होतात, २० बाधित निघतात. १०० अँटिजेन होतात, ४ निघतात. एकूण २०० मध्ये २४, म्हणजे १२ टक्के. दुसऱ्या आठवड्यात आरटी-पीसीआर तेवढ्याच ठेवल्या आणि बाजारात, नाक्यावर, दुकानदारांच्या रांगा लावून अँटिजेन ३०० केल्या. आता ४०० मध्ये ३२, म्हणजे ८ टक्के. साथ जिथल्या तिथे आहे, दर मात्र एक तृतीयांशाने उतरला.

हे मुद्दाम केलं असेलच असं नाही. व्यापाऱ्यांची चाचणी सक्तीची केली तरी हाच परिणाम होतो. पण स्तर ठरवायला हा दर वापरायचा तर तो एकाच चाचणीवरचा हवा, हे राज्याला महिन्याभरात मान्य करावं लागलं. २५ जून २०२१ च्या आदेशात दर फक्त आरटी-पीसीआरवरून काढायचा असं ठरलं, आणि डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने तिसऱ्या स्तराहून सैल निर्बंध कुणालाच न देण्याचा नियमही आला.

तेव्हा कुणी दर सांगितला की दोन प्रश्न विचारा. कुठल्या चाचणीचा? आणि कुणाच्या चाचण्या, लक्षणं असलेल्यांच्या की सरसकट?

रुग्ण दुप्पट होण्याचा काळ १५० दिवसांवर गेला, असं वाचलं. ही चांगलीच बातमी ना?

या आकड्याने पहिल्या महिन्यांनंतर लोकांची जितकी दिशाभूल केली तितकी दुसऱ्या कशानेच केली नसेल. मुंबई महापालिका वॉर्डनिहाय देत असलेला दुप्पटीचा काळ एकूण रुग्णसंख्येवरून काढलेला असायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच्या बेरजेवरून. ढोबळ सूत्र असं की ७० ला रोजच्या वाढीच्या टक्केवारीने भागायचं. वाढ अर्धा टक्का असेल तर १४० दिवस.

आता गंमत बघा. एकूण बेरीज १ लाख असताना रोज ५०० नवे रुग्ण, ही अर्धा टक्का वाढ. एकूण बेरीज १० लाख असताना रोज ५,००० नवे रुग्ण, हीदेखील अर्धा टक्काच. दोन्हीकडे काळ १४० दिवस, पण दुसरीकडे रुग्णालयाच्या दारात दसपट माणसं. बेरीज कधी कमी होत नाही, त्यामुळे साथ जशीच्या तशी राहिली तरी हा काळ आपोआप लांबत जातो.

साथीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो उपयोगाचा असतो. नंतर दुप्पट मोजायचीच असेल तर दर आठवड्याच्या नव्या रुग्णांची मोजा. या आठवड्यात ३००, दोन आठवड्यांपूर्वी १५०, म्हणजे दोन आठवड्यांत दुप्पट. एवढं पुरतं.

नवे, सक्रिय, बरे झालेले, एकूण. यांतलं कुठलं बघायचं?

खडकवासल्याच्या किंवा जायकवाडीच्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचतो, तसं बघा. नवे रुग्ण म्हणजे धरणात येणारी आवक, बरे झालेले म्हणजे विसर्ग, सक्रिय रुग्ण म्हणजे आत्ताचा साठा. एकूण रुग्णसंख्या म्हणजे धरण बांधल्यापासून त्यात किती पाणी आलं त्याची बेरीज. ती अभ्यासकाला हवी असते, पुराच्या दिवशी नदीकाठच्या माणसाला नाही.

तुम्हाला हवी आवक, आणि रुग्णालयांना हवा साठा. ‘बरे होण्याचं प्रमाण ९६ टक्के’ हा आकडा मी तरी कधी मनावर घेतला नाही. बहुतेक लोक बरे होतात आणि बेरीज वाढत राहते, म्हणून तो लाट नसताना चढणारच.

साठ्याची व्याख्याही बदलते. ८ मे २०२० ला केंद्राने घरी सोडण्याचे नियम बदलले. सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, ताप नसेल तर पुन्हा चाचणी न करता सोडायचं ठरलं. अशा बदलानंतर सक्रिय रुग्ण झपाट्याने कमी झालेले दिसले तर ती कमाल औषधाची नसते, कागदाची असते.

गावात मागच्या आठवड्यात एक रुग्ण होता, आता तीन. वर्तमानपत्र ‘तिप्पट वाढ’ म्हणतंय. घाबरायचं का?

लहान आकड्यांना टक्केवारी लावू नये. ज्या गावात आठवड्याला सरासरी ९ रुग्ण येतात तिथे एखाद्या आठवड्यात ५ आणि पुढच्यात १४ येणं निव्वळ योगायोगानेही घडतं. अशा वेळी टक्केवारी सोडून माणसं बघा. तिघं एकाच घरातले आहेत का? एकाच लग्नाला गेले होते का? की गावाच्या तीन टोकांना, एकमेकांशी संबंध नसलेले तिघं आहेत? संख्येत दोन्ही सारखेच, पण दुसऱ्या परिस्थितीत साथ गावात आधीच फिरू लागली आहे.

रुग्णाची नोंद त्याच्या घराच्या पत्त्यावर होते की रुग्णालयाच्या?

व्हायला हवी राहत्या पत्त्यावर. प्रत्यक्षात आधार कार्डावर गावचा पत्ता, राहणं चाकणला, चाचणी पिंपरीत, असं असलं की घोळ होतो. जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णांची अदलाबदल होऊन जुने आकडे बदलायचे ते यामुळेच.

पत्ता नीट असेल तर काय साधतं हे जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात दिसलं. गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वेगवेगळ्या रुग्णालयांत दाखल होत होते. एका रुग्णालयाला आपल्याकडचे दोन-चारच दिसणार. पत्ते एकत्र मांडल्यावर मात्र सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी हा एकच पट्टा उजळून आला आणि बोट पाण्याकडे वळलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणूही सापडला.

धारावीत काय वेगळं केलं होतं?

आकड्यांची वाट बघत बसले नाहीत, आकडे शोधायला गेले. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आत-बाहेर क्षेत्र, आठ-दहा लाखांची वस्ती, दहा बाय दहाच्या खोल्या, सार्वजनिक शौचालयं. ‘घरातच वेगळे राहा’ हे तिथे सांगण्यात अर्थच नव्हता. जी उत्तर वॉर्डाने ताप तपासणी शिबिरं लावली, वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं, घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजला, संशयितांना शाळा-सभागृहांतल्या विलगीकरणात नेलं. म्हणजे चाचणी केंद्रावर चालत येणाऱ्यांचीच मोजणी न करता, न येणाऱ्यांपर्यंत यंत्रणा गेली. १० जुलै २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी साथ आटोक्यात आणता येते याचं उदाहरण म्हणून धारावीचं नाव घेतलं. २५ डिसेंबरला तिथे पहिल्यांदा दिवसभरात एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही.

याला दुसरी बाजूही आहे. त्या उन्हाळ्यात धारावीतले असंख्य मजूर गावी निघून गेले होते, आणि वस्तीतल्या किती जणांना नकळत लागण होऊन गेली होती हे रोजच्या आकड्यांत दिसत नव्हतं. दुसऱ्या लाटेत रुग्ण तिथेही पुन्हा वाढले. यंत्रणेचं काम खरंच मोलाचं होतं, पण तो आलेख फक्त तिनेच खाली आणला असं म्हणणं मला अतिशयोक्तीचं वाटतं.

शून्य रुग्ण म्हणजे साथ संपली?

आधी विचारा, चाचण्या किती झाल्या. चाचण्या शून्य, तर रुग्णही शून्य.

जून २०२१ मध्ये राज्याने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस ५० लाख, दुसरं २५, तिसरं १५. हेतू चांगला होता. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारने त्याआधी घरोघरी पाहणी करून, लक्षणं दिसताच वेगळं ठेवून गाव कोरोनामुक्त केलं होतं, त्याचा आदर्श समोर होता. पण शून्यालाच बक्षीस लावलं की ताप लपवणाऱ्याचं फावतं. बक्षीस द्यायचंच तर तापाच्या किती रुग्णांची चाचणी झाली त्याला द्यावं.

लपवणं आपल्याला नवं नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग सुरू झाला, सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि मग घराघरातून रुग्ण उचलून नेऊ लागल्यावर लोकांनी रुग्ण माळ्यावर, कपाटामागे दडवले. पुण्यात रँडच्या तपासण्यांचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. धाक वाढला की नोंद घटते, आजार घटत नाही.

मृत्यूंचे आकडे एखाद्या दिवशी एकदम का वाढायचे?

जुन्या नोंदी जुळवल्या की. १६ जून २०२० ला राज्याने एकदम १,३२८ मृत्यू जास्तीचे दाखवले, त्यांतले ८६२ मुंबईचे होते. ते त्या दिवशी झालेले नव्हते, मागच्या महिन्यांतले होते आणि पोर्टल व रुग्णालयांच्या नोंदी जुळवताना सापडले होते. म्हणून मृत्यूंचा आलेख नोंदीच्या तारखेने न बघता, मिळत असेल तर प्रत्यक्ष मृत्यूच्या तारखेने बघावा.

शिवाय मृत्यू हा फार उशिराचा इशारा आहे. लागण ते मृत्यू यांत दोन-तीन आठवडे किंवा अधिक जातात, म्हणून रुग्ण उतरू लागल्यावरही मृत्यू काही दिवस चढतेच राहतात.

नोंद झालेले सगळे मृत्यू होते का? नव्हते. महाराष्ट्रात नोंदलेले कोविड मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५० हजार रुपयांच्या सानुग्रह साहाय्यासाठी राज्यात तोवर नोंदलेल्या मृत्यूंहून अधिक अर्ज आले. देशपातळीवर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी ४७ लाख जादा (एरवी अपेक्षित असतात त्यांहून अधिक झालेल्या) मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारी आकडा तेव्हा ४.८ लाख होता. केंद्राने त्या पद्धतीवर हरकत घेतली. वाद राहू द्या. आपल्या गावापुरतं बघायचं तर ग्रामपंचायतीच्या किंवा पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत त्या महिन्यातले सगळ्या कारणांचे मृत्यू मोजा आणि आधीच्या चार-पाच वर्षांच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. कारणाचा रकाना चुकतो, माणसांची संख्या सहसा चुकत नाही.

मग खरे रुग्ण किती होते हे कधी कळलं का?

काही ठिकाणी, रक्तातली प्रतिपिंडं तपासून. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर या तीन वॉर्डांत सुमारे ७ हजार नमुने तपासले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती, इतरत्र १६ टक्के. तेव्हा सबंध मुंबईची अधिकृत रुग्णसंख्या लाखाच्या थोडी पुढे होती! पुण्यात पाच प्रभागांत अशीच पाहणी झाली, तिथे ५१.५ टक्के. हे प्रभाग जास्त बाधित म्हणूनच निवडले होते, त्यामुळे ‘निम्म्या पुण्याला होऊन गेला’ असं तेव्हा जे पसरलं ते चुकीचं होतं.

घरच्या किटने तपासलं तर ते मोजलं जातं का?

ॲपवर टाकलं तरच, आणि बहुतेक जण टाकत नाहीत. पुण्याच्या मायलॅबच्या किटला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि जानेवारी २०२२ च्या लाटेत औषधांच्या दुकानांत किट धडाधड खपले. त्याच महिन्यात आयसीएमआरने लक्षणं नसलेल्या, धोका नसलेल्या संपर्कातल्यांची चाचणी गरजेची नाही असं सांगितलं. म्हणून त्या लाटेच्या आलेखाची उंची आधीच्या लाटांशी सरळ ताडून बघता येत नाही.

रुग्णसंख्या की खाटा, जास्त खरं काय बोलतं?

खाटा. मुंबईत ४ एप्रिल २०२१ ला ११,१६३ रुग्ण सापडले, तेव्हा वॉर्डाच्या वॉर रूमला फोन लावून लावून लोक रडकुंडीला आले होते. ७ जानेवारी २०२२ ला २०,९७१ सापडले, जवळजवळ दुप्पट, आणि तरी बहुसंख्य खाटा रिकाम्या. बहुतेकांना लक्षणंच नव्हती, लसीकरण झालं होतं, विषाणू वेगळा होता. रुग्णालयात नव्याने दाखल होणाऱ्यांची रोजची संख्या चाचण्यांच्या धोरणावर फारशी हलत नाही. मिळाली तर तीच सगळ्यात आधी बघा.

आर व्हॅल्यू?

एक बाधित सरासरी किती जणांना लागण देतो तो अंदाज. एकाच्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर ओसरते. राज्यासाठी ठीक, एका वॉर्डासाठी काढलेली आर व्हॅल्यू कुणी दाखवली तर फार विश्वास ठेवू नका.

सांडपाण्यावरून साथ कळते म्हणतात, ते खरं का?

खरं. विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो, माणसाने चाचणी केली असो वा नसो. मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याचे नमुने २००१ पासून तपासले जातात, आणि पुण्यात कोविडसाठीही संशोधकांनी हे केलं आहे. यातून रुग्णांची संख्या निघत नाही, चढ-उतार मात्र कळतो. जिथे गटारंच नाहीत तिथे याचा उपयोग कमी.

आमच्या सोसायटीत किंवा गावात आम्ही स्वतः नोंद ठेवू शकतो का?

नक्की, आणि अगदी साधी. एका वहीत आठवड्याला पाच रकाने पुरेत: ताप-खोकल्याचे नवे किती, त्यांतल्या कितींची चाचणी, किती बाधित, किती दाखल, किती मृत्यू. आशाताईंना आणि गावातल्या डॉक्टरांना विचारलं तर निम्मं काम तिथेच होतं. सप्टेंबर २०२० मधल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईंनी घरोघरी हेच केलं होतं. व्याख्या मध्येच बदलू नका. या आठवड्यात ‘ताप’ म्हणजे १००.४ फॅरनहाइट आणि पुढच्यात ‘अंग कोमट लागलं’, असं झालं की आलेख निरुपयोगी.

नावं आणि फ्लॅट नंबर व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. हे विनंती म्हणून नाही, नियम म्हणून पाळा. मार्च २०२० मध्ये राज्यात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, आणि त्या शिक्क्यांमुळे माणसं रेल्वेतून उतरवली गेली. सोसायट्यांनी तर बाधितांच्या मोलकरणी, दूधवाले, पेपर सगळं बंद केलं. पुढच्या वेळी त्याच मजल्यावरच्या माणसाने ताप आल्याचं सांगितलंच नाही, यात नवल काय? इमारत किंवा वाडी एवढी पातळी पुरे. वाडीत चारच घरं असतील तर तीही नको.

फॉरवर्ड आलेला आकडा खरा का?

त्यावर तारीख, हद्द आणि देणाऱ्याचं नाव, तिन्ही असेल तर शक्यता आहे. एक जरी नसेल तर पुढे पाठवू नका. स्वयंसेवकांच्या गटाने चालवलेली कोविड-१९ इंडिया ही नोंद लोकांना विश्वासाची वाटली, कारण प्रत्येक आकडा कुठल्या सरकारी पत्रकातून घेतला ते ते दाखवत. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी काम थांबवलं, आणि जिल्हानिहाय एकत्र आकडे मिळणं अवघड झालं.

आता रोजची पत्रकं बंद झाली. साथ वाढते आहे का हे कुठे बघायचं?

५ मे २०२३ ला जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर झालं आणि रोजची मोजणी हळूहळू थांबली. ते योग्यच होतं, कायम तशी मोजणी परवडणारी नाही. पण मागची यंत्रणा चालू आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे. त्यात उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून वेगवेगळी नोंद देतात. आता हे काम ऑनलाइन होतं. देशभरातल्या उद्रेकांचे साप्ताहिक अहवाल प्रसिद्ध होतात, त्यात जिल्हा, आजार आणि रुग्णसंख्या असते. मात्र ते उशिरा येतात.

त्यामुळे आत्ताचं कळायचं असेल तर पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याला थेट विचारा. ‘कोविड किती’ असं विचारण्यापेक्षा ‘फ्लूसारख्या आजाराचे आणि श्वसनाच्या तीव्र संसर्गाने दाखल झालेले रुग्ण मागच्या चार आठवड्यांत किती, आणि गेल्या वर्षी याच आठवड्यांत किती होते’ असं विचारा. लेखी विचारलं तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. तोवर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारायला हरकत नाही. बाकावर किती तापाचे पेशंट बसताहेत आणि मागच्या महिन्यात किती बसायचे, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.